पार्बताबाईंच्या झारीचे ठोके

बडनेरा स्टेशनावर इंजिनांना पाणी पाजायचं काम चंद्रभान फिटरकडे होतं. फलाटाच्या टोकाला सोंड वाकवून उभे असलेले लोखंडी खांब, त्यांचे मांडीएवढे जाड पाइप, त्यांच्या चाव्या, उंचावरच्या टाक्या, सगळं त्याच्या हाताखालचं. सोळा वर्षांत त्याने पाण्याचे इतके नखरे पाहिले होते, की नुसता पाइपावर तळवा ठेवला तरी आत काय चाललंय ते त्याला कळतं, असं शेडमधले लोक म्हणत. आणि खरं सांगायचं तर हळूहळू चंद्रभानलाही ते पटायला लागलं होतं.

त्यामुळे अमरावतीच्या केशवराव वकिलांचा निरोप आला तेव्हा तो मनातल्या मनात हसलाच. न्हाणीघरातला पाइप घण घातल्यासारखा वाजतो, झारीतून पाणी धक्के मारत येतं, तीन जणांनी पाहिलं, कोणाला कारण सापडत नाही, तेवढं रविवारी येऊन जावं, असा निरोप होता. घरातला पाइप तो केवढा! अंगठ्याएवढा. त्याला काय होणार?

केशवराव मूळचे अकोल्याकडच्या हिवरखेडचे. काळी जमीन तिकडे, वकिली इकडे. वर्षाभरापूर्वी त्यांनी कॅम्पाकडे बंगला बांधला आणि न्हाणीघरात साऱ्या गावाने चर्चा करावी अशी एक वस्तू बसवली. भिंतीतून पाइप वर गेलेला, त्याला चाळणीसारखं तोंड, चावी फिरवली की अंगावर पाण्याच्या धारा. घरात तिला झारी म्हणत. असली चैन तेव्हा साहेबांच्या बंगल्यात असे. वकिलाला शौक सुचला, असं लोक म्हणाले.

शौक नव्हता तो. केशवरावांच्या आई पार्बताबाई, त्यांच्यासाठी ते होतं. नवरा गेल्यावर त्या बाईने पन्नास एकरांचं वावर एकटीने सांभाळलं होतं, सालदारांना नुसत्या नजरेने कामाला लावलं होतं. आणि म्हातारपणी संधिवाताने तिचीच बोटं अशी वाकडी झाली, की तांब्यासुद्धा धरवेना. तीन वर्षं सून, सत्यभामा, त्यांना आंघोळ घालत होती. सुनेने कधी कपाळाला आठी घातली नाही. पण पार्बताबाई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसत आणि नंतर तासभर कोणाशी बोलत नसत. लेकाने ते ओळखलं होतं. झारीच्या चावीला त्याने हातभर लांब लाकडी दांडी बसवून घेतली. कोपराने ढकलली की पाणी सुरू, कोपराने ओढली की बंद. पार्बताबाई पहिल्या दिवशी आत गेल्या, कडी लावून घेतली आणि अर्ध्या तासाने बाहेर आल्या त्या हिवरखेडच्या पार्बताबाई होऊन.

सात-आठ महिने सुखाचे गेले आणि मग ते ठोके सुरू झाले. अंगावर पाणी एकदम जोरात यायचं, एकदम तुटायचं, भिंतीच्या आत कोणी घण मारावा तसं धप्‌ धप्‌ व्हायचं. एकदा दचकून पार्बताबाईंचा पाय सरकला. पडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या.

चंद्रभान रविवारी उजाडताना येऊन पोचला. नळ सहाला यायचा आणि नऊला जायचा. झारीचा फाटा थेट त्या नळाच्या पाइपावरच होता, कारण टाकी न्हाणीघराच्या अगदी डोक्यावर, तिच्या पाण्याला जोर नव्हता. त्यामुळे घरातल्या साऱ्यांच्या आंघोळी त्या तीन तासांत उरकायच्या.

त्याने ती लांब दांडी पाहिली आणि त्याचं निदान तिथेच झालं.

"वकीलसाहेब, पानी चालतं असलं की गरीब असते. धावत असताना त्याले एकदम अडवलं की ते चिडते. आमच्या खांबाची चावी कोनं घाईनं बंद केली तं अख्खा पाइप उडते. ही दांडी झटक्यानं बंद होते, त्यानं हे होऊन राह्यलं."

दाराआडून पार्बताबाई म्हणाल्या, "पन बावा, मी बंद कराच्या आधीच ठोके येतात. न्हाता न्हाता."

"तेच ते, बाई," चंद्रभान म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी उघडली.

दीड तास त्याने जीव ओतून काम केलं. घरातले सारे नळ सोडले, एकेक बंद करून कान लावला. चावीत नवा चामड्याचा वायसर घातला, दांडी जराशी जड केली, उघड्यावरचा पाइप जिथे जिथे भिंतीपासून सुटला होता तिथे पट्ट्या ठोकल्या. झारी चालू केली. धार सुतासारखी सरळ. एक ठोका नाही. सत्यभामेने चहा दिला, केशवरावांनी पाठ थोपटली, आणि साडेसातला चंद्रभान तांग्यात बसला.

सोमवारी सकाळी आठला ठोके पुन्हा सुरू झाले.

बडनेऱ्याला निरोप पोचला तेव्हा चंद्रभानचा चेहरा पडला. तो आठवडा त्याला गोड लागला नाही. खांबाची चावी फिरवताना, जेवताना, त्याला म्हातारीचं ते वाक्य ऐकू यायचं: बंद कराच्या आधीच. तिने सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा न्हाणीघराच्या दारात नत्थुजी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता. भिंतीतला पाइप आतून सुटला असणार, फोडून पाहू, असं ठरलं होतं. सत्यभामा गुळगुळीत निळ्या फरश्यांकडे पाहत उभी होती. त्या मुंबईहून आल्या होत्या. त्यातली एक फुटली तर तशी दुसरी मिळणार नव्हती.

"थोडं थांबा, नत्थुजी," चंद्रभान म्हणाला. पिशवी त्याने उघडलीच नाही. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आज मले आधी साऱ्यायनं सांगा. कोन कवा न्हाते, आन काय ऐकते."

"मी सहाला," सत्यभामा म्हणाली. "मले तं कधीच ऐकू आलं नाही. खरं सांगते, पहिले आठ दिवस मले वाटलं, आत्याबाईले भास होतात." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"मी सातच्या पुढे," केशवराव म्हणाले. "कधी येतात, कधी येत नाहीत."

पार्बताबाई आतून म्हणाल्या, "मी पूजेची फुलं निवडून आठले जातो. मले रोज. एक दिवस चुकत नाई."

चंद्रभानने मनाशी जुळवून पाहिलं. पाइप एकच, झारी एकच, चावी एकच. मग एकीला कधीच नाही, एकाला अधूनमधून आणि तिसरीला रोज, हे कसं? पाइप सुटला असता तर सहालाही वाजला असता.

"भित फोडू नका, राजेहो," मागच्या पायरीवरून आवाज आला. "भितीनं काय केलं?"

पायरीवर मनकर्णा बसली होती. शहराबाहेर तिचा मळा होता. सकाळी फुलांच्या पुड्या आणि भाजीचं टोपलं घेऊन ती या रस्त्याला यायची आणि पार्बताबाई फुलं निवडत तोवर या पायरीवर बसून पालकाच्या जुड्या बांधायची. पन्नाशीची, उन्हाने काळवंडलेली, हात सतत कामात. गेल्या रविवारीही ती तिथेच होती. चंद्रभानने तिच्या टोपल्याला वळसा घालून पट्ट्या ठोकल्या होत्या.

"मंग कोनं केलं?" चंद्रभानने विचारलं.

"ते मले काय ठाव, भाऊ. मी काही फिटर नाई. पन ठोके कवा येतात ते सांगतो." तिने वर बोट केलं. पायरीच्या बरोबर वर, गच्चीवर पत्र्याची टाकी होती. "नळ आला की वर टाकीत पानी पडते. सुरवातीले खडखड, पत्रा वाजते. मंग आवाज भरीव होते. मंग बारीक, बारीक होत जाते. घागर भरत आली की होते ना, तसा. तो बारीक झाला की पाच मिनिटात तुमचे ठोके सुरू. रोज."

सत्यभामेचा हात तोंडावर गेला. जन्मभर तिने घागरी भरल्या होत्या, काठोकाठ भरायच्या आत कानानेच ओळखून खाली उतरवल्या होत्या. पण डोक्यावरच्या या घागरीकडे तिचा कान कधी गेला नव्हता.

चंद्रभान उठून उभा राहिला. "पन मागल्या रविवारी एकबी ठोका आला नाई. मी सोताच होतो."

"मागल्या रविवारी तुमी घरचे सारे नळ सोडून ठेवले होते. टाकी भरलीच नाई. मंग ठोके कुठून येतील?"

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

मनकर्णाने जुडीची गाठ मारली. "तुमी इचारलं कुठी?"

नत्थुजी खो खो हसला. चंद्रभानच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण त्याला राग आला नाही. सोळा वर्षं तो पाइपाला हात लावून पाणी ओळखत होता, आणि ही बाई पाइपाला न शिवता, पालक निवडता निवडता त्याच्या पुढे निघून गेली होती.

"वर येता काय?" तो म्हणाला. "तो आवाज कवा बारीक होते ते मले दाखवा."

मनकर्णाने हात पुसले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि त्याच्या आधीच ती लोखंडी शिडी चढून गेली.

त्याने टाकीचं झाकण काढलं. टाकी पाऊण भरली होती. काठाशी पाण्याची तोटी, तिला आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा तांब्याचा पोकळ गोळा. पाणी चढलं की गोळा चढतो, गोळा चढला की दांडी तोटी बंद करते. एवढीच ती युक्ती. वर्षभराच्या वापराने दांडीचा खिळा झिजून ढिला झाला होता. बडनेऱ्याच्या टाकीतही असाच गोळा होता, पण तो भोपळ्याएवढा आणि ती टाकी तलावासारखी. तिथे गोळा संथ वर यायचा आणि गपचूप बसायचा. म्हणूनच इथे झाकण उघडून पाहावं असं त्याला सुचलं नव्हतं.

दोघं वाट पाहत उन्हात बसले. खाली सत्यभामेने झारी चालू करून ठेवली.

"ऐका," मनकर्णा म्हणाली. "बदलला."

त्याला आधी काही कळलं नाही. मग कळलं. धारेचा आवाज चढत चालला होता, बारीक होत होता. गोळा वर आला, तोटी जवळजवळ बंद झाली, उरलेल्या फटीतून पाणी चिळकांडीसारखं पाण्यावर आदळायला लागलं. लाटा उठल्या. टाकी लहान, लाट पत्र्यावर आपटून परत यायची आणि गोळ्याला उचलायची. गोळा उचलला की तोटी गच्च बंद. लाट ओसरली की गोळा खाली, तोटी उघडी. पुन्हा चिळकांडी, पुन्हा लाट.

"नाचून राह्यला पाहा," मनकर्णा म्हणाली.

आणि पायाखाली गच्चीतून जाणवलं: धप्‌. धप्‌. धप्‌.

चंद्रभानने हात घातला आणि दोन बोटांनी दांडी धरली. नुसती स्थिर धरली.

"थांबलं!" खालून सत्यभामा ओरडली. "भाऊ, थांबलं!"

त्याने बोटं सोडली.

"सुरू झालं!"

पुन्हा धरली. पुन्हा थांबलं. चार वेळा त्याने ते केलं. कारण पाहिजे होतं म्हणून एकदा, आणि उरलेल्या तीन वेळा निव्वळ आनंदाने. अख्ख्या घराला हलवणारं, म्हाताऱ्या बाईला घाबरवणारं, नव्या भिंतीवर छिन्नी आणणारं ते दुखणं त्याच्या दोन बोटांत मावत होतं. क्षणाक्षणाला तोटी बंद-उघड होत होती, सारा पाइप अडत आणि सुटत होता, आणि त्याच पाइपावर बसलेली झारी बिचारी त्याचे धक्के खात होती. धावतं पाणी अडवलं की चिडतं, हे त्याचंच म्हणणं खरं होतं. फक्त ते अडवणारा हात पार्बताबाईंचा नव्हता.

"नवी तोटी लागंल मुंबईची," तो म्हणाला. "महिना जाईन. आन तिचा गोळा नाचनार नाई कशावरून?"

मनकर्णा पाण्याकडे पाहत होती. "गोळ्याले काहून दोष देता? लाट मोडा. लहानपनी आमी नदीवरून पानी आनत होतो. भरली घागर डोक्यावर घेतली की वर पळसाचं पान टाकत होतो. मंग कितीबी चाला, पानी हिंदकळत नाई."

दुसरा कोणी असता तर हसला असता. चंद्रभान मात्र डोळे मिटून बसला. टाकीत पान टाकलं तर ते नळात जाऊन अडकणार. पण पान काय करतं? पाण्याला धरून ठेवतं. गोळ्यालाही पाण्यानेच धरून ठेवलं तर?

"सत्यभामाबाई," तो कठड्यावरून ओरडला, "पितळेचा एखादा लहान डबा हाये काय घरी? झाकन नको."

सत्यभामेने तिळाचा डबा रिकामा करून वर पाठवला. चंद्रभानने पिशवीतली तार काढली, डब्याच्या काठाला तीन भोकं पाडली आणि गोळ्याच्या दांडीखाली तो डबा पाण्यात बुडवून टांगला.

मनकर्णा वाकून पाहत होती, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. "आगं माय! भरला डबा पान्यातल्या पान्यात ओढाले किती जड जाते! आता लाट आली तरी गोळा उडनार कसा?"

"हाव. हळूहळू चढंल, पन उडनार नाई."

"तुमचा हात मोठा झटपट हाये, भाऊ. मी पानाचं बोलली आन तुमी डबा टांगला."

डब्याच्या वजनाने गोळा जरा खाली बसला होता. चंद्रभानने दांडी किंचित वाकवून तो सावरला. मग बागेतला नळ सोडून टाकी हातभर खाली आणली आणि पुन्हा भरू दिली. आवाज बारीक झाला. चिळकांडी उडाली, लाटा उठल्या, गोळ्याला येऊन भिडल्या. गोळा एकदा डुलला, भरल्या बैलगाडीसारखा, आणि जागेवर राहिला. पायाखाली गच्ची गप्प होती.

खाली आले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. पार्बताबाई दारात उभ्या होत्या. खांद्यावर कोरडं लुगडं होतं.

"आत्याबाई, मी येऊ काय सोबत? आजच्या दिवस?" सत्यभामेने विचारलं.

"काही नको," पार्बताबाई म्हणाल्या, आणि कडी लावली.

सारे ओसरीवर थांबले. केशवराव मान खाली घालून उभे. नत्थुजीने हातोडा हळूच पोत्यात घातला. आतून धारांचा आवाज सुरू झाला, एकसारखा, न तुटणारा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मधेच आतून गुणगुणल्यासारखं काही आलं, ओवीची ओळ असावी. सत्यभामेने पदर डोळ्यांना लावला. नऊला नळ गेला आणि पाणी आपोआप थांबलं, तेव्हाच कडी निघाली.

पार्बताबाईंच्या पांढऱ्या केसांतून पाणी ठिबकत होतं. "डोक्यावरून घेतलं," त्या म्हणाल्या. "ठोके सुरू झाल्यापासून पयल्यांदा सोताच्या हातानं केस धुतले."

केशवराव पुढे झाले आणि त्यांनी चंद्रभानचे दोन्ही हात धरले. "चंद्रभान, तुम्ही..."

"माह्यं नाव घेऊ नका, वकीलसाहेब. रोग या बाईनं वळखला, औषधबी तिनंच सांगतलं. मी तार बांधली, बस्स."

पार्बताबाईंनी मनकर्णाला हाक मारली. रोज पायरीवर बसणाऱ्या त्या बाईला त्यांनी ओसरीवर, आपल्या शेजारी पाटावर बसायला सांगितलं. मनकर्णा बसली, पण दोन घोट चहा घेईस्तोवरच. तिचं लक्ष टोपल्यातल्या कोथिंबिरीकडे होतं. "सांबार सुकून राह्यला, मोठ्या बाई. गिऱ्हाइक वाट पाहत असंल." टोपलं डोक्यावर घेऊन ती निघून गेलीसुद्धा.

चंद्रभानचा तांगा रस्त्याच्या वळणावर आला तेव्हा ती पुढे चालली होती. टोपलं डोक्यावर, हात मोकळे, पाठ ताठ. त्याने तांगा थांबवला आणि खाली उतरला.

"मनकर्णाबाई, एक इचारू काय? आमच्या बडनेऱ्याले एक पाइप हाये, विहिरीतून टाकीत पानी चढवते. दुपारी तो असा घुमते, जसा भोवरा. सकाळी बिलकुल नाई. दोन वर्सं झाले, कोनाले कारन सापडलं नाई. मलेबी नाई."

ती थांबली नाही; चालता चालताच म्हणाली, "दुपारी विहिरीत पानी किती उरते?"

चंद्रभान गडबडला. "मोजलं नाई."

"आन सकाळी?"

"तेबी नाई."

"मंग मले काय इचारता? आधी विहिरीले इचारा. पानी लय खाली गेलं असंल तं पाइप वारा ओढत असंल. आमची मोट अर्धी भरली तं तीबी ओरडते." ती हसली आणि एका फाटकाशी वळून तिने भाजीची हाळी दिली.

तांगेवाल्याने दोनदा हाक मारली. मग चंद्रभान चढला.

सोमवारी भर दुपारी, शेडमधले लोक सावलीला पडले असताना, चंद्रभान फिटर एका लांब दोरीला दगड बांधून रेल्वेच्या विहिरीत सोडत होता. भिजलेल्या दोरीला त्याने गाठ मारली, त्याच दिवशी सकाळी मारलेल्या गाठीपासून हाताने माप घेतलं आणि पुन्हा पुन्हा मोजलं.

"हे काय चाललं, मिस्त्री?" कोणीतरी विचारलं.

"पान्याले इचारून राह्यलो," तो म्हणाला. "अमरावतीच्या एका बाईनं सांगतलं."